वैशाखात मधपेटी कशी सांभाळावी

आमच्या घरी मधमाश्यांची पेटी आहे. तिची माहिती मी लिहीत आहे.

आपल्या जंगलात मोहोळे तऱ्हेतऱ्हेची असतात. आग्या माशी उंच झाडाला उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी माशी लहान असते, तिचे पोळेही लहान. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत नाहीतर वारुळात, अंधारात राहते आणि एकाशेजारी एक पुष्कळ पोळी बांधते. पेटीतही अंधार असतो, म्हणून सातेरी पेटीत पाळतात. पेटीत लाकडी चौकटी असतात. खालच्या मजल्यात राणी अंडी घालते, तेथे पिल्ले असतात. वरचा मजला मधाचा.

गेल्या साली बाबांनी पहिली पेटी आणली. ती आम्ही अंगणात मधोमध ठेवली, सर्वांना दिसावी म्हणून. मे महिन्यात ऊन फार तापले. एके दिवशी सकाळी मी पेटीला कान लावला तर गुणगुण नव्हती. उघडून पाहिले तर एकही माशी नाही! एक पोळे ओघळून खाली पडले होते. मधाचा थेंब नव्हता. पेटी सोडून जाताना माश्या मध पिऊन जातात. मी खूप रडले. आबाजी म्हणाले, "बाई, पेटी उनात ठेवली त माश्या राह्यतीन कशा?"

त्याचे कारण गुरुजींनी सांगितले. पिल्लांना सुमारे ३५ अंश उष्णता लागते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा माश्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. मडक्यातले पाणी जसे गार होते तसे पोळे गार होते. पण पाणीच जवळ नसेल तर त्या काय करतील? आम्ही पाणी ठेवलेच नव्हते.

या साली होळीच्या सुमारास एका जाणत्या माणसाने मोहाच्या ढोलीतले मोहोळ संध्याकाळी पेटीत भरून दिले. पोळी केळीच्या सोपाने चौकटींना बांधली. हे काम नवीन माणसाने एकट्याने करू नये. आता पेटी आंब्याखाली दाट सावलीत आहे. जवळ पसरट भांड्यात पाणी आणि त्यात खडे ठेवले आहेत, खडे नसले तर माश्या बुडून मरतात. भांडे रोज भरायचे काम माझे. पेटीच्या घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाटी सुकली की मुंग्या लगेच येतात!

पेटी रोज उघडू नये. आठ-दहा दिवसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी उघडावी. गोणपाटाचा थोडा धूर द्यावा. माशी अंगावर बसली तर हात झटकू नये. डंख झाला तर नांगी नखाने लगेच खरवडून काढावी. कोणाला दम लागला किंवा तोंड सुजले तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मध सगळा काढू नये. आता करंज, जांभूळ फुलतात, पण पावसाच्या झडीत माशी बाहेर जात नाही. मग ती काय खाणार? पिल्लांची चौकट तर मुळीच पिळू नये.

आबाजी तरुणपणी रात्री पेटता टेंभा लावून आग्या मोहोळ काढत. माश्या जळून खाली पडत. ते सांगताना आबाजी आता गप्प होतात. आग्या मोहोळातही मध वर, फांदीजवळ एका भागात असतो आणि पिल्ले खाली. माश्या न जाळता तेवढाच मधाचा भाग कापण्याची रीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने लोकांना शिकवली आहे.

२०१८ पासून २० मे हा जागतिक मधमाशी दिवस पाळतात. तेव्हा शाळेला सुटी असते. ज्याला पेटी पाहायची असेल त्याने त्या दिवशी सकाळी आमच्या घरी यावे. काळे कपडे घालून येऊ नये, माश्या चिडतात.