बायरन, शोनबर्ग आणि न घेतलेले एक नाव

चेंबर म्युझिक म्हणजे दिवाणखान्यात मावेल एवढ्या मोजक्या वादकांचे संगीत. राजकारणाशी त्याला काय देणेघेणे, असे कोणी विचारले की मी आर्नोल्ड शोनबर्गच्या ‘ओड टू नेपोलियन बोनापार्ट’कडे बोट दाखवतो.

नाझी सत्तेवर येताच १९३३ साली या ज्यू संगीतकाराला बर्लिन सोडावे लागले. १९४२ मध्ये अमेरिकेत त्याने बायरनची १८१४ सालची कविता निवडली. नेपोलियनने सिंहासन सोडले तेव्हाची ही कविता. पडलेल्या सम्राटाची तीत बोचरी टर उडवली आहे. हिटलर मात्र तेव्हा पडलेला नव्हता.

वाद्ये पाच: दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि पियानो. सहावा निवेदक, तो गात नाही. स्वरलिपीत त्याच्या वाट्याला पाच रेघांऐवजी एकच रेघ येते. आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, शब्द किती लांबवायचा एवढेच तिच्यावरून कळते. स्वरलिपी मी पुस्तकांवरूनच वाचायला शिकलो, तरी ही रेघ पाहताच मर्म ध्यानात आले. गाणे असते तर श्रोता चालीत रमला असता; येथे उपहासाचा शब्द न् शब्द ऐकावाच लागतो. विजयाच्या उल्लेखापाशी बीथोवनच्या पाचव्या सिंफनीतले ठोके येतात: तीन ऱ्हस्व, एक दीर्घ. महायुद्धात मित्रराष्ट्रांची ती विजयखूण होती.

पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये २३ नोव्हेंबर १९४४ रोजी झाला, तोही चार तंतुवाद्यांऐवजी मोठ्या वृंदासह. हिटलर अजून सत्तेवरच होता.