अधिछात्रवृत्ती, आंतरराष्ट्रीय व्यावसायिक

एखाद्या व्यवसायात काही वर्षे काम केलेल्या व्यक्तीस परदेशात ठराविक मुदतीचे प्रशिक्षण, निरीक्षण वा संशोधन करता यावे, म्हणून दिले जाणारे आर्थिक साहाय्य. डॉक्टर, अभियंते, कृषितज्ञ, शिक्षक, पत्रकार, प्रशासक इत्यादींना ते मिळते. विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीहून अधिछात्रवृत्ती दोन बाबतींत वेगळी असते : अधिछात्राजवळ स्वतःचा अनुभव आधीपासूनच असतो आणि मिळविलेल्या ज्ञानाचा उपयोग त्याने स्वदेशी करावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत सफल होते, यावरच योजनेचे यशापयश अवलंबून असते.

इतिहास : अशा योजनांना व्यापक स्वरूप दिले ते मुख्यतः १९१३ मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने. सार्वजनिक आरोग्य, वैद्यक व पुढे कृषी या क्षेत्रांतील अनेक देशांच्या तज्ञांना त्याने अधिछात्रवृत्त्या दिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शासनेही या कार्यात उतरली. अमेरिकेचा फुलब्राइट कायदा १९४६ मध्ये संमत झाला. परदेशातील उर्वरित युद्धसामग्रीच्या विक्रीतून आलेला पैसा प्रारंभी त्यासाठी वापरण्यात आला. भारताशी यासंबंधीचा करार १९५० मध्ये झाला. आयझेनहौअर अधिछात्रवृत्ती (१९५३) आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्ती व अधिछात्रवृत्ती योजना (१९५९) यांनी हे क्षेत्र आणखी विस्तारले. १९७८ मध्ये सुरू झालेल्या हम्फ्री अधिछात्रवृत्तीत कारकीर्दीच्या मध्यावर असलेल्या व्यक्तींना सु. दहा महिन्यांची संधी देण्यात आली. तीत पदवी मिळत नाही. विद्यापीठातील अध्ययनास एखाद्या कार्यसंस्थेतील प्रत्यक्ष अनुभवाची जोड दिली जाते.

परिणामाची प्रक्रिया : परदेशातून परतलेला अधिछात्र तीन गोष्टी बरोबर आणतो : नवे तंत्र, आपल्या देशातील पद्धतीकडे तुलनेने पाहण्याची दृष्टी आणि समव्यावसायिकांशी जुळलेले संबंध. मात्र बदल घडवून आणण्यास एवढे पुरेसे नसते. त्यासाठी निर्णयाचा काही अधिकार असलेले पद, साहाय्यक आणि वरिष्ठांची अनुकूलता लागते.

ब्राझीलमधील झेराल्दू द पाउला सोझा यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रॉकफेलर अधिछात्रवृत्तीवर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे अध्ययन केले. परतल्यावर साऊँ पाउलू येथील आरोग्यशास्त्र संस्था व राज्याची आरोग्यसेवा या दोहोंची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्यामुळे १९२५ च्या सुधारणांत आरोग्यकेंद्रांची कल्पना त्यांना प्रत्यक्षात आणता आली. शिक्षिकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यशिक्षिकाही तयार करण्यात आल्या. पुढे १९४५ च्या सॅन फ्रॅन्सिस्को परिषदेत जागतिक आरोग्यसंघटना स्थापन करावी, हा विचार पुढे मांडणाऱ्यांत ते होते.

मेक्सिकोत १९४३ मध्ये सुरू झालेल्या कृषी कार्यक्रमात व्यक्तीऐवजी गटावर भर होता. नॉर्मन बोरलॉग आदी शास्त्रज्ञांच्या हाताखाली तरुण मेक्सिकन कृषितज्ञ शेतावरच शिकत आणि त्यांपैकी निवडकांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठविले जाई. परतल्यावर त्यांना त्याच संशोधनात काम मिळे. १९५६ च्या सुमारास मेक्सिको गव्हाबाबत स्वयंपूर्ण झाला आणि १९६० नंतर हे संशोधन राष्ट्रीय संस्थेकडे सोपविण्यात आले.

मर्यादा : पद मिळाले, तरी समाज आड येऊ शकतो. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी साहाय्य दिले. ती विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती होती. तथापि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याची तिची अट याच तत्त्वावर आधारलेली होती. १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास रुजू झाले; परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना राहण्यास जागादेखील मिळाली नाही व अल्पावधीतच बडोदे सोडावे लागले. त्यांची विद्या देशाला पुढे अन्य मार्गांनी लाभली. त्या नोकरीपुरती मात्र योजना निष्फळ ठरली आणि तो दोष ना दात्याचा होता, ना घेणाऱ्याचा.

दुसरी मर्यादा बुद्धिवंतांच्या स्थलांतराची. त्यास आळा घालण्यासाठी, विनिमय कार्यक्रमाखाली आलेल्यांनी कायम वास्तव्याची परवानगी मागण्यापूर्वी दोन वर्षे देशाबाहेर राहावे, अशी अट अमेरिकेने १९५६ मध्ये घातली. अशा अटीने माणूस परत येतो. त्याला काम करता येईलच, असे नाही. शिवाय निवडीत परकी भाषा अवगत असलेल्या शहरी वर्गास झुकते माप मिळते, तसेच पुरस्कर्त्या राष्ट्रांचे परराष्ट्रीय हेतूही अशा योजनांमागे असतात, असे आक्षेप घेतले जातात.

परदेशी शिकलेले जसेच्या तसे लागू पडत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने अमेरिकेत वैद्यक व सार्वजनिक आरोग्य यांचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर १९७० मध्ये जामखेड (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे ग्रामीण आरोग्यप्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत टिकेनात, तेव्हा त्यांनी गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. हा उपाय कोणत्याही परदेशी पाठ्यक्रमातून उचललेला नव्हता. तो स्थानिक अडचणीतून निघाला. या कार्याबद्दल त्यांना १९७९ मध्ये मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन : माजी अधिछात्रांपैकी किती जण उच्चपदी पोहोचले, ही गणना यशाचा पुरावा म्हणून पुरेशी नाही, कारण निवड होते तीच मुळात कर्तबगार व्यक्तींची. त्यांच्या हातून कोणती संस्था, सेवा वा पद्धत उभी राहिली आणि ती त्यांच्या पश्चात टिकली काय, हा अधिक खरा निकष होय. म्हणून एकाच कार्यालयातील दोघातिघांना पाठविणे, परतल्यावर योग्य पद राखून ठेवणे व प्रारंभीच्या प्रयोगांसाठी अल्प निधी देणे, या उपायांचे महत्त्व प्रवासखर्च व निर्वाहवेतनाइतकेच आहे. अधिछात्रवृत्ती परदेशातील संस्था देऊ शकते. तिचे फळ मात्र स्वदेशाने करून दिलेल्या जागेवर अवलंबून राहते.