चराच्या काठावरचे दोन टन

रस्त्यात दोन मीटर खोल चर खणला की त्याच्या काठावर दोन संकटे एकदम उभी राहतात. धावती गाडी आत पडू नये आणि बाजूची माती आतल्या कामगारांवर कोसळू नये. पंचाईत अशी, की पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याचे काम अवघड करतो.

‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ लिहिलेले पत्रे फक्त नजर अडवतात. ट्रक अडवायला काँक्रीट लागते. बुटका, पायाशी पसरट असा जो अडथळा आपण पाहतो, तो मूळचा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. 1959 साली त्याची उंची 32 इंच ठरली. तो उतार शोभेचा नाही. तिरकी येऊन घासणारी गाडी चाकाने त्यावर चढते, धक्क्याचा काही जोर तिला उचलण्यात खर्च होतो आणि ती पुन्हा रस्त्यावर उतरते. लहान गाड्या मात्र जास्त चढून उलटण्याचा धोका दिसला. मग ए ते एफ अशी नावे देऊन निरनिराळे आकार तपासले गेले. एफ सरस ठरला. त्यात पायाचा उतार 13 ऐवजी 10 इंचांवरच संपतो. तीन इंचांची करामत!

असा तीन मीटरचा ठोकळा दोन टनांच्या आसपास भरतो. सुटा ठेवला तर धडकेसरशी चरात पहिला तोच जायचा. म्हणून ठोकळे लोखंडी कड्यांत दांडा घालून एकमेकांना जोडतात. तरीही साखळी मागे सरकतेच, आणि सरकायला मागे जागा लागते. अरुंद रस्त्यावर नेमकी तीच नसते.

काठाखाली वेगळीच कथा. काळी माती उन्हात दगडासारखी कडक, पाऊस मुरला की लोणी. अमेरिकी नियमांनुसार पाच फूट किंवा त्याहून खोल चराला, तो अखंड खडकात नसेल तर, संरक्षण द्यावेच लागते. कुठे फळ्या आणि आडवे धीरे, कुठे पोलादी शीट पाइल. ब्रेमेनचे अभियंता ट्रिग्वे लार्सन यांनी 1902 मध्ये हे पन्हळीसारखे पत्रे वापरात आणले. कागद सपाट धरला तर लवतो, घडी घातली की ताठ राहतो, तसेच हे.

पण काठावरचे ते दोन टन मातीला खाली दाबतात, तशी माती आधाराला आडवी ढकलते. शेजारून जाणाऱ्या डंपरचा भार वेगळाच. आधाराच्या हिशेबात हे सारे धरावे लागते.

पाणी भरायचे प्लास्टिकचे अडथळे हलके, पण धडकेत जास्त सरकणारे. त्यात पाणी आहे का, हे बोटांनी टकटक करून कळते. रिकामा असेल तर डबा वाजतो.