दोन शॉकअपची सायकल हवीच का?

यंदा दहावीचा निकाल लागला आणि भाच्याने मामूकडे, म्हणजे आमच्याकडे, बक्षीस मागितले. डोंगरात चालवायची सायकल, तीही पुढे आणि मागे शॉकअप असलेली. आपा तिथेच बसल्या होत्या. त्यांनी एका शब्दात विषय संपवला, "नको."

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी त्याचा मोठा भाऊ अशाच सायकलवर पन्हाळ्याहून उतरत होता. भर पावसाचे दिवस. वळणावर त्याने ब्रेक दाबले, पण सायकल थांबलीच नाही. खांद्याजवळचे हाड मोडले, दीड महिना हात गळ्यात होता. ती सायकल तेव्हापासून जिन्याखाली पडून आहे.

मुलाला नको म्हणायचे तर त्याचे कारणही सांगता यावे, ही आम्हा शिक्षकांची सवय. म्हणून आम्ही आधी ती जुनी सायकल बाहेर काढली. शाळेतल्या वजनकाट्यावर एकदा ती उचलून उभे राहिलो, एकदा मोकळे. फरक निघाला १९ किलो. मग ओळखीच्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी सीटवर जोर दिला, मागची स्प्रिंग खाली गेली. "सर, पायडल मारले की हेच होते. पोराची निम्मी ताकद स्प्रिंग खाते," ते म्हणाले. मग त्यांनी ब्रेकवर बोट ठेवले. लोखंडी रिमवर घासणारे साधे रबर होते. रिम भिजली, तिला तांबडा चिखल लागला की रबर घसरते. म्हणजे रूप डोंगरी सायकलचे होते आणि ब्रेक गल्लीतल्या सायकलचे.

पहिल्या डोंगरी सायकलला स्प्रिंगच नव्हती

भाच्याला आम्ही या सायकलचा इतिहास सांगितला. १९७० च्या दशकात अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत, काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून उतरू लागले. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे ४०० मीटरचा उतार. मागच्या चाकातल्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जायचे आणि प्रत्येक फेरीनंतर नवे भरावे लागायचे. इंग्रजीत पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात, म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. तिलाही स्प्रिंग नव्हती. पुढचा शॉकअप दुकानात मिळू लागला तो जवळपास १९९० च्या सुमारास. १९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

उतारावर पहिला प्रश्न ब्रेकचा असतो, हे त्या शर्यतीच्या नावातच लिहिलेले आहे. आमच्या घराने तो धडा हाड मोडून घेतला.

प्रकार कोणते आणि कोणासाठी

आज दुकानात ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

पहिला, शॉकअप नसलेली सायकल. हलकी, स्वस्त, देखभाल कमी. शेतातली पायवाट आणि मुरुमाचा रस्ता ती आरामात काढते. दगडांवर मात्र हात भरून येतात.

दुसरा, फक्त पुढे शॉकअप असलेली. तिला हार्डटेल म्हणतात. पुढचा चिमटा साधारण ८० ते १२० मिलीमीटर दबतो. मागची फ्रेम ताठ असल्याने पायाची ताकद थेट चाकाला जाते. चढ, उतार आणि गावापर्यंतचा डांबरी रस्ता असे तिन्ही करणाऱ्याला ही सोयीची.

तिसरा, दोन्हीकडे शॉकअप असलेली. ही वाईट नाही. खरी बनवलेली असेल तर खडकाळ उतारावर तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिच्यातही पोटप्रकार आहेत. लांब शर्यतीच्या सायकलचा शॉकअप १०० ते १२० मिलीमीटर दबतो, रोजच्या डोंगरवाटेच्या सायकलचा १२० ते १५०, अवघड उतारांच्या सायकलचा १५० ते १८०, आणि फक्त वरून खाली येण्याच्या शर्यतीच्या सायकलचा २०० च्या आसपास. अशा चांगल्या सायकलची किंमत मोटारसायकलच्या घरात जाते. तिच्या सांध्यांचे बेअरिंग आणि शॉकअपचे तेल-सील वेळोवेळी बदलावे लागतात. त्यामुळे दहा-पंधरा हजारांत मिळणारी दोन शॉकअपची सायकल म्हणजे बहुधा वजन आणि देखावा.

चौथा, चार इंची जाड टायरची. ती बर्फ आणि वाळूसाठी बनली. आपल्याकडे मुले ती ऐटीसाठी मागतात. चढावर ती फार जड पडते.

वाट पाहून सायकल

आम्ही भाच्याला विचारले, "तू जाणार कुठे?" उत्तर होते, कोल्हापूरहून पन्हाळा, आणि जमले तर मसाई पठार. म्हणजे आधी डांबरी रस्ता, मग घाटाचा चढ, मग जांभ्या दगडाची सपाटी आणि सुटे खडे. उंच उड्या नाहीत, सलग खडकाळ उतार नाहीत. अशा वाटेला हार्डटेल पुरते. मागच्या स्प्रिंगचे वाचलेले पैसे ब्रेकमध्ये घालावेत, हे त्यालाही पटले.

दुकानात आम्ही चार गोष्टी पाहिल्या.

ब्रेक डिस्कचे हवेत. डिस्क चाकाच्या मध्याशी असते, चिखलापासून दूर. रिम थोडी वाकली तरी ब्रेक लागतो. तारेचे डिस्क ब्रेक स्वस्त, पण तार सैल होते. तेलाचे महाग, पण दोन बोटांनी लागतात आणि लांब उतारावर हात दुखत नाही.

फ्रेम मुलाच्या मापाची हवी. फ्रेमवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर वरच्या दांड्यापासून किमान दोन इंच जागा राहावी. 'पुढे उंची वाढेल' म्हणून मोठी फ्रेम घेऊ नये. कपडे ढगळ चालतात, सायकल नाही.

चाक तीन मापांत येते, २६, २७.५ आणि २९ इंच. २९ चे चाक दगडावरून सहज जाते, पण कमी उंचीच्या मुलाला २७.५ वळवायला सोपे.

शेवटी माहितीपुस्तिका. अनेक मोठ्या कंपन्या सायकल कोणत्या वापरासाठी आहे ते १ ते ५ क्रमांकांत लिहितात. १ म्हणजे फक्त पक्का रस्ता, ३ म्हणजे खडबडीत वाट आणि लहान उड्या, ५ म्हणजे सर्वांत कठीण वापर. दुकानदार काहीही म्हणो, पुस्तिका वाचावी.

घेतली ती २७.५ चाकांची हार्डटेल, तेलाचे डिस्क ब्रेक, पुढचा चिमटा १०० मिलीमीटरचा आणि चढावर तो बंद करण्याची कळ. हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढले होते. ते उरल्यासुरल्या पैशांतून घ्यायचे ठरवले की राहून जाते.

आपा दुकानात आल्या होत्या. त्यांनी मुलाला शेजारच्या उतारावरून चार वेळा खाली आणले आणि प्रत्येक वेळी स्वतः उभ्या असलेल्या जागी थांबायला लावले. चौथ्यांदा त्याच्या अंगावर दुकानाच्या नळीचे पाणी आणि चाकांवर मातीही टाकली. सायकल थांबली, तेव्हाच त्यांनी पैसे मोजले.

निघताना एकच अट घातली. वळण येण्याआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. मोठा भाऊ मागे उभा होता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "अम्मी, पहिल्या दिवशी मी सोबत जातो."