तेरा पिकोफॅरडचं अंतर

रात्री नऊनंतर हुबळीत किंवा धारवाडात एखादा जुना मीडियम वेव्हचा रेडिओ लावून बघा. ७६५ किलोहर्ट्झवर आकाशवाणी धारवाड ठणठणीत लागतं. केंद्र घरचंच, १९५० सालापासूनचं. मग काटा केसभर पुढे सरकवायचा, ७९२ वर. हवा बरी असली तर तिथे पुणं सापडतं. कन्नडला लागूनच मराठी! धारवाडात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा इथे काटा दोन्हीकडे फिरणं नवलाचं नाही. नवल वेगळंच आहे. काटा फिरवल्याने हवेत काडीचाही बदल होत नाही. एरियलच्या तारेत धारवाड, पुणे, सांगली, मुंबई सगळी केंद्रं एकाच क्षणी हजर असतात, तीही एकात एक कालवलेली. कुठल्याही क्षणी त्या तारेतला विद्युतदाब म्हणजे एकच आकडा. बातम्या, भजन, शेतीचा सल्ला आणि कुठल्याशा मोटारीची खरखर या सगळ्यांची ती बेरीज. आणि त्या बेरजेतून आपल्याला हवी ती एक संख्या वेगळी काढायची असते, सेकंदाला लाखो वेळा.

हे काम करतात दोनच वस्तू: तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल, आणि कपॅसिटर, ज्याला दुरुस्तीच्या दुकानात अजूनही कंडेन्सरच म्हणतात. कंडेन्सर विद्युतभार साठवतो. कॉइलला प्रवाहातला बदल खपत नाही. दोघांना जोडलं की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे आणि परत अशी हेलकावे खाते, आणि त्या हेलकाव्याची गती दोघांच्या किमतींच्या गुणाकारावर ठरते. सारंगीच्या तरफांना कोणी गज लावत नाही, तरी वरच्या तारेवर त्यांचा सूर वाजला की नेमकी तीच तरफ गुंजते, बाकीच्या गप्प राहतात. कॉइल-कंडेन्सरची जोडी तसंच करते. स्वतःच्या गतीची लहर आली की ती जोरात डोलते, इतर लहरींना जेमतेम हलते. फिल्टर म्हणतात तो हाच.

धारवाडकरांची अडचण अशी, की घरचा प्रक्षेपक २०० किलोवॉटचा आणि उशाशी. पुणं लांबचं, क्षीण. दोघांत अंतर फक्त २७ किलोहर्ट्झचं. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ साली यावर जी युक्ती काढली ती आजही चालू आहे: फिल्टरने केंद्रामागे धावायचं नाही, केंद्रालाच फिल्टरच्या दारात आणायचं. रेडिओ स्वतःची एक लहर तयार करतो आणि येणाऱ्या लहरीत मिसळतो. दोघींच्या वजाबाकीतून प्रत्येक केंद्र ४५५ किलोहर्ट्झवर येऊन उभं राहतं. तिथे उत्तम घासूनपुसून ठेवलेला, जागचा न हलणारा फिल्टर वाट बघत असतो.

रेडिओचं हे असं. टेलिव्हिजनचं प्रकरण फार दांडगं आहे. रेडिओच्या एका केंद्राला मीडियम वेव्हवर ९ किलोहर्ट्झची जागा मिळते. आपल्याकडच्या जुन्या टेलिव्हिजनच्या नुसत्या चित्रालाच ५ मेगाहर्ट्झ लागत. तेवढ्यात धारवाडसारखी साडेपाचशे केंद्रं मावतील! आणि ध्वनी त्या चित्राच्या कुंपणाला अगदी खेटून, ५.५ मेगाहर्ट्झवर.

या कुंपणावरची सगळ्यात सुंदर गोष्ट घडली ती धारवाडच्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यात. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट टेलिव्हिजन. कर्नाटकातले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस, आणि त्यांच्याबरोबरच्या अभियंत्यांत प्रमोद काळे. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, त्याचा प्रक्षेपक ८० वॉटचा, आणि खाली शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री. हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेले संच. चित्र यायचं, लोक जमायचे.

पण उपग्रहावरून येणारं चित्र एक आणि ध्वनी दोन. एका ध्वनीची उपवाहक लहर ५.५ मेगाहर्ट्झवर, दुसऱ्याची ६ वर. म्हणजे एकाच चित्राला एका गावात तेलुगू बोलायला लावायचं आणि दुसऱ्या गावात कन्नड, अशी सोय. दोन्ही भाषा दोन्ही गावांवर सारख्याच बरसत होत्या. विजापूरच्या खेड्याला तेलुगू ऐकू येत नव्हती याचं कारण आभाळात नव्हतं, संचात होतं. फिल्टरमध्ये.

ते कारण केवढं होतं, याचा हिशेब मला फार आवडतो. प्रत्यक्ष संचातल्या किमती काय होत्या ते बाजूला ठेवू आणि कागदावर मांडू. समजा कॉइल १० मायक्रोहेन्रीचं. ५.५ मेगाहर्ट्झला डोलायचं तर सोबतचा कंडेन्सर हवा ८३.७ पिकोफॅरडचा. ६ मेगाहर्ट्झसाठी ७०.४ पिकोफॅरडचा. फरक तेरा पिकोफॅरडचा. एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. धातूच्या दोन पत्र्या एकमेकींजवळ धरल्या तरी सहज जमते एवढी ही किंमत, आणि एवढ्याच अंतरावर दोन द्रविड भाषा शेजारी-शेजारी बसल्या होत्या.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. बाजारातला साधा कंडेन्सर छापील किमतीपेक्षा दहा टक्के इकडे-तिकडे असू शकतो. तो दहा टक्के कमी भरला, तर ५.५ चा फिल्टर ५.८ ला जाऊन बसतो. दोन भाषांमधली वेस ५.७५ वर आहे. म्हणजे वेस ओलांडली! म्हणून कॉइलच्या पोटात फेराइटच्या गाभ्याची आटेदार कांडी असते. ती आत-बाहेर फिरवून कारखान्यात सूर जुळवतात, तेही प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने, कारण लोखंडी पातं जवळ नेलं की कॉइलची किंमतच बदलते आणि पातं काढलं की सूर पुन्हा उतरतो.

पण कारखान्यात जुळवलेला सूर मे महिन्यात रायचूरला टिकेल? तापलं की फेराइटवरच्या कॉइलची किंमत सहसा चढते. पॉलिस्टायरीनच्या कंडेन्सरची मात्र उतरते. हुशार अभियंत्याने दोघांची सोयरीक जुळवली. एकाची चढण दुसऱ्याच्या उतरणीत जिरते आणि गुणाकार होता तिथेच राहतो. दोन बिघडणाऱ्या वस्तूंपासून एक न बिघडणारी वस्तू करणं याला मी कला म्हणेन, कोणी काहीही म्हणो. फिल्टर आखणं आणि तो टिकेल का हे तपासणं ही दोन वेगळ्या टेबलांवरची कामं आहेत असं आपण समजतो. खरं तर प्रश्न एकच आहे: आज जो आकडा आहे, तो पाच वर्षांनीही असेल का?

कोणी विचारेल, दोन भाषांमध्ये सरळ भिंतच का बांधू नये? ५.७४ पर्यंत सगळं आत, ५.७६ पासून सगळं बाहेर. गणित तशी भिंत बांधू देत नाही. फिल्टरची कड जितकी उभी, तितका तो प्रत्येक धक्क्यानंतर जास्त वेळ डोलत राहतो. चित्रात त्याची खूण दिसते: निवेदकाच्या काळ्या कोटाच्या कडेला एक-दोन फिकट समांतर रेषा, जणू कोटाला कोट फुटलेत. आणि अगदी काटकोनी भिंत हवी असेल तर त्या फिल्टरला लहर येऊन पोचायच्या आधीच डोलायला सुरुवात करावी लागेल. भविष्य कळणारा कंडेन्सर अजून कोणी विकायला काढलेला नाही. त्यामुळे प्रत्येक फिल्टर ही तडजोड असते, आणि त्यात काय सोडून द्यायचं याची निवड करणारा माणूस असतो.

१९८२ साली एशियाडच्या निमित्ताने रंग आले तेव्हा ही तडजोड पडद्यावरच उघडी पडली. रंगाची माहिती चित्राच्याच पोटात, ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झवर बसवली होती. आकडा विचित्र वाटतो, पण फार विचाराने काढलेला आहे. उजेड-अंधाराची माहिती १५,६२५ हर्ट्झच्या पटींभोवती गोळा होते आणि मधल्या फटी जवळपास रिकाम्या राहतात. रंग त्या फटींत सरकवले. स्वस्त संचातला फिल्टर मात्र एवढं बारीक बघत नसे. म्हणून बारीक रेघांचा शर्ट घालून कोणी बातम्या वाचायला बसलं की शर्टावर इंद्रधनुष्य नाचायचं. रेघा ४.४३ च्या आसपास पडल्या की संच त्यांना रंग समजे.

आता टिकावाचं गणित. समजा एका संचात ५०० भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९.९ टक्के. ऐकायला भक्कम. पण एक भाग गेला तरी संच बंद पडत असेल, तर ०.९९९ चा ५०० वेळा गुणाकार करावा लागतो आणि उत्तर येतं ०.६१ च्या आत. २,४०० गावांपैकी साडेनऊशेच्या आसपास गावांत वर्षभरात संच बंद! प्रत्येक भागाची शक्यता ९९.९९ वर नेली की तोच आकडा ११७ च्या जवळ येतो. नवाच्या पुढे आणखी एक नऊ, आणि आठशेहून जास्त गावांतला अंधार टळतो. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, साइटचा अहवाल नव्हे. पण खेड्यात संच पाठवणाऱ्याची झोप कशाने उडते ते यातून कळतं.

सगळ्यात आधी म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या पोटात ओलावा असतो आणि उष्णतेने तो सुकत जातो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तास चालेल असं लिहिलेला कंडेन्सर ६५ अंशांना ३२,००० तास चालतो, म्हणजे रोज आठ तास टीव्ही लावला तर अकरा वर्षं. तोच संच भिंतीला चिकटवून, वर फ्रेम, फुलदाणी आणि कापड घालून ८५ अंशांवर शिजवला तर तीन वर्षंही नाहीत. झाकण घालून नटवलेले ते टीव्ही प्रेमाने मारले गेले.

आणि त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कंडेन्सरला मेकॅनिक ‘फिल्टर कंडेन्सर’च म्हणतो, योग्यच म्हणतो. एसी विजेतली थरथर गाळून स्थिर डीसी देणं हे त्याचं काम. तो सुकला की पडद्यावर दोन आडव्या धूसर पट्ट्या येतात आणि सावकाश सरकू लागतात. का सरकतात? कारण चित्र सेकंदाला नेमकं ५० वेळा रंगतं. तो ठोका दिल्लीच्या स्टुडिओतून येतो. थरथर मात्र स्थानिक विजेच्या ठोक्याने येते. वीज ४९.९ हर्ट्झवर असेल तर पट्टीला पडदाभर उतरायला दहा सेकंद लागतात. नव्वदच्या दशकात दक्षिणेच्या ग्रिडवर ताण पडून ती ४८.५ च्याही खाली जाई, तेव्हा पट्ट्या सेकंदाला दीडहून जास्त वेळा पडदा ओलांडत धावायच्या. बिघडलेला टीव्ही म्हणजे घरात बसवलेलं वारंवारतामापक यंत्र होतं, फक्त वाचता येत असेल तर.

आणि ते यंत्र राज्याची सीमाही दाखवी. महाराष्ट्र पश्चिमेच्या ग्रिडवर, कर्नाटक दक्षिणेच्या. दोन्ही ग्रिडांचे ठोके वेगळे. चंद्रपूरजवळ भद्रावतीला एसीची डीसी आणि पुन्हा एसी करून वीज इकडून तिकडे जायची, ठोका जात नसे. एकच बातमीपत्र, तोच बिघाड, पण कोल्हापुरात पट्ट्या एका चालीने आणि हुबळीत दुसऱ्या चालीने. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सगळा देश एका ठोक्यावर आला. तोवर पिक्चर ट्यूबचे टीव्ही बरेचसे भंगारात गेले होते.

आताच्या सपाट टीव्हीत पट्ट्या फारशा दिसत नाहीत. लाल दिवा लुकलुकतो आणि संच सुरूच होत नाही. मागचं झाकण उघडलं की बहुतेकदा वर फुगलेला एखादा कंडेन्सर दिसतो, बदलायला किरकोळ खर्चाचा. तो घरी बदलायला जाऊ नका. २३० व्होल्टच्या विजेतून आलेला मुख्य फिल्टर कंडेन्सर ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढला तरी काही काळ भरलेलाच राहू शकतो. जाणता मेकॅनिक आधी रेझिस्टर लावून तो उतरवतो, मीटरने शून्य बघतो आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवायला लावतो.