रोमहून असिसीला आगगाडीने : इटलीतील यात्रेकरूंसाठी काही उपयुक्त माहिती

२०२५ च्या ज्युबिली वर्षात आपल्याकडील अनेक भाविकांनी रोमची यात्रा केली. परत आल्यावर त्यांपैकी काही जण आम्हांला आवर्जून भेटले. सर्वांच्या मुखावर समाधान होते. परंतु बोलता बोलता एक खंतही बाहेर येत असे. ‘फादर, असिसी पाहिले, पण संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी पाच मिनिटेही बसता आले नाही. बस सुटण्याची वेळ झाली होती.’ हे उद्गार आम्ही एकाहून अधिक वेळा ऐकले. आयुष्यभर पै पै साठवून केलेली यात्रा, आणि ज्यासाठी ती केली ती प्रार्थनाच राहून गेली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

यात्रा आयोजित करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. बसमधील पन्नास जणांचे वेळापत्रक सांभाळणे सोपे नसते. तथापि, ज्यांची प्रकृती ठीक आहे आणि ज्यांच्यासोबत थोडेफार इंग्रजी जाणणारी एखादी तरुण व्यक्ती आहे, त्यांना दुसरा मार्ग मोकळा आहे. तो म्हणजे आगगाडीचा. इटलीतील बहुतेक मोठी तीर्थस्थाने लोहमार्गाने जोडलेली आहेत. आगगाडीने जाणाऱ्याचा वेळ त्याच्या स्वतःच्या हाती राहतो. मात्र तेथील रेल्वेची रीत आपल्याहून काहीशी निराळी आहे. ती आधी समजून घेतली नाही, तर मनस्ताप होतो. आम्हांला तो झाला आहे, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

पोप आणि आगगाडी

रेल्वेचे आणि रोमचे नाते आरंभी सलोख्याचे नव्हते. पोप ग्रेगरी सोळावे यांनी आपल्या कारकिर्दीत (१८३१ ते १८४६) पोपसत्तेच्या प्रदेशात लोहमार्ग येऊ दिला नाही. त्यांचे उत्तराधिकारी पोप पायस नववे यांनी मात्र त्यास अनुमती दिली आणि १८५६ साली रोम ते फ्रास्काती हा मार्ग सुरू झाला. पुढे १९२९ च्या लातेरान करारानुसार व्हॅटिकनला स्वतःचे रेल्वे स्थानकही मिळाले. संत पेत्राच्या महामंदिरामागील उद्यानाच्या कडेला ते आजही उभे आहे.

याच स्थानकातून ४ ऑक्टोबर १९६२ रोजी, संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, पोप जॉन तेविसावे आगगाडीने लोरेतो आणि असिसी येथे गेले. दुसरी व्हॅटिकन परिषद अवघ्या एका आठवड्यावर, म्हणजे ११ ऑक्टोबरला सुरू होणार होती. त्या परिषदेसाठी पवित्र मरियेचे आणि संत फ्रान्सिसचे साहाय्य मागण्यासाठी त्यांनी ही यात्रा केली. वाटेतील स्थानकांवर लोकांनी त्यांच्या दर्शनासाठी गर्दी केली होती. पुढे २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि २०११ साली पोप बेनेडिक्ट सोळावे हेही शांतीच्या प्रार्थनेसाठी अन्य धर्मांच्या प्रतिनिधींसमवेत आगगाडीनेच असिसीला गेले. तेव्हा रोम ते असिसी हा लोहमार्ग आपल्या दृष्टीने केवळ प्रवासाची सोय नव्हे. तो एक यात्रामार्गच आहे.

दोन प्रकारच्या गाड्या, दोन प्रकारची तिकिटे

इटलीत शहरांना जोडणाऱ्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला अतिवेगवान गाड्यांचा. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, मिलान, व्हेनिस, नेपल्स अशा मोठ्या शहरांमध्ये त्या धावतात आणि त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो. रोमहून फ्लॉरेन्सला त्या सुमारे दीड तासात पोहोचतात. या मार्गावर ‘त्रेनइतालिया’ ही सरकारी मालकीची कंपनी आणि २०१२ पासून ‘इतालो’ ही खासगी कंपनी अशा दोघांच्या गाड्या आहेत. एकीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. या तिकिटावर गाडीचा क्रमांक, डबा आणि आसन नमूद केलेले असते. बरेच आधी काढल्यास ते पुष्कळ स्वस्त पडते. परंतु सर्वांत स्वस्त तिकीट बहुधा बदलता येत नाही व गाडी चुकल्यास पैसे बुडतात.

दुसरा प्रकार प्रादेशिक गाड्यांचा. त्यांना तेथे ‘रेजोनाले’ म्हणतात. त्या लहान गावांना थांबत जातात. त्यांचे भाडे अंतरावर ठरते. त्यामुळे तिकीट महिनाभर आधी काढले काय किंवा त्याच सकाळी काढले काय, फरक पडत नाही. आसन राखीव नसते. असिसीसारख्या ठिकाणी जाणाऱ्या यात्रेकरूचा संबंध मुख्यतः याच गाड्यांशी येतो.

या गाड्यांच्या कागदी तिकिटाबाबत एक नियम आहे, जो आपल्याकडे नसल्यामुळे ध्यानात येत नाही. तिकीट विकत घेतले म्हणजे काम संपले असे नाही. गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील किंवा फलाटाच्या तोंडाशी असलेल्या लहान यंत्रात ते सरकवून त्यावर तारीख-वेळेचा ठसा उमटवून घ्यावा लागतो. त्या क्षणापासून ठरावीक तासांपुरते ते वैध ठरते. ठसा नसेल, तर तेच तिकीट पुन्हा वापरता येईल. म्हणून तपासनीस ते ग्राह्य धरत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ भाविकांना घेऊन निघालो असता हा नियम आम्हांस ठाऊक नव्हता. तिकिटे खिशात होती, पैसे चुकते केले होते, तरीही नऊ अधिक एक अशा दहा जणांचा दंड भरावा लागला. तपासनीस आपले कर्तव्यच करीत होता. चूक आमची होती. आणि ज्यांना आम्ही घेऊन गेलो होतो त्यांच्यापुढे ती कबूल करताना आम्हांला संकोच वाटला, हे लपवीत नाही. मोबाइलवरील तिकिटाचे नियम निराळे असून ते तिकिटासोबतच दिलेले असतात. प्रवासापूर्वी ते वाचून घ्यावेत.

फलकावर असिसीचे नाव का दिसत नाही?

रोमच्या मुख्य स्थानकाचे नाव ‘तेर्मिनी’. त्याचा अर्थ ‘टर्मिनस’ असा नाही. जवळच असलेल्या सम्राट डायोक्लेशनच्या प्राचीन स्नानगृहांवरून, म्हणजे ‘थर्मी’ या शब्दावरून ते नाव आले आहे. स्थानकाची आजची भव्य दर्शनी इमारत १९५० च्या पवित्र वर्षात खुली झाली, आणि २००६ साली हे स्थानक पोप दुसरे जॉन पॉल यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आले.

येथे पहिला गोंधळ होतो तो फलकापाशी. सुटणाऱ्या गाड्यांच्या फलकावर ‘पार्तेन्त्से’ असे लिहिलेले असते. त्यावर गाडीचे शेवटचे स्थानक ठळक दिसते, मधली नव्हे. आपल्या विरार गाडीत बसून आपण वसईला उतरतो, तसाच हा प्रकार. असिसी हे मधले स्थानक आहे. त्यामुळे तेथे जाणाऱ्या थेट गाडीवर पेरूजा किंवा अन्य पुढच्या शहराचे नाव असू शकते. थेट गाडी नसेल, तर अँकोनाकडे जाणाऱ्या गाडीने फोलिन्यो येथे उतरून गाडी बदलावी लागते. म्हणून तिकिटावरील गाडीचा क्रमांक फलकाशी ताडून पाहावा. नावावर विसंबू नये. शहरांची नावेही इटालियन रूपात लिहिलेली असतात : फ्लॉरेन्सचे फिरेन्झे, व्हेनिसचे व्हेनेत्सिया, पाद्वाचे पादोव्हा.

फलाटाला ‘बिनारिओ’ म्हणतात. फलाटाचा क्रमांक पुष्कळदा गाडी सुटण्यापूर्वी थोडाच वेळ आधी जाहीर होतो. तेर्मिनीमध्ये ‘१ एस्त’, ‘२ एस्त’ असे पूर्वेकडील फलाट आहेत. ते नेहमीच्या १ व २ क्रमांकांपासून बरेच लांब आहेत. तेथवर सामान घेऊन चालत जाण्यास वेळ लागतो, आणि हमाल मिळेल या भरवशावर राहू नये. जेवढे ओझे स्वतः उचलून जिना चढता येईल तेवढेच बरोबर घ्यावे. तिकीट-यंत्रापाशी मदतीला पुढे येणाऱ्या अनोळखी माणसांना नम्रपणे नकार द्यावा आणि पारपत्र अंगावरील कपड्यांच्या आत ठेवावे.

आणखी तीन शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. ‘शोपेरो’ म्हणजे संप. तो तेथे अधूनमधून होतो, पण सहसा आधी जाहीर केलेला असतो. तिसरा शब्द ‘फेरिआले’. वेळापत्रकात तो वाचून अनेकांना सुट्टीचा दिवस वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ कामाचा दिवस. आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेतही ज्या दिवशी सण नसतो त्याला लॅटिनमध्ये ‘फेरिया’च म्हणतात. रविवार व सणाचे दिवस ‘फेस्तीव्हो’ असतात आणि त्या दिवशी गाड्या कमी धावतात. रविवारची मिस्सा असिसीत ऐकण्याचा बेत असेल, तर शनिवारीच तेथे मुक्कामाला जाणे श्रेयस्कर.

फोलिन्योचा प्रसंग

त्याच प्रवासात दंडाहून गंभीर असा एक प्रसंग घडला. फोलिन्योला आम्हांला गाडी बदलायची होती. मधे वेळ थोडा होता. एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी भुयारी मार्गाचे जिने होते. आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. त्या सर्वांत मागे राहिल्या. आम्ही सामान आत घेण्याच्या घाईत होतो, आणि गाडीची दारे आपोआप बंद झाली. आजी फलाटावर, आम्ही आत. त्यांच्याकडे चालू फोन नव्हता आणि मराठीखेरीज दुसरी भाषा त्यांना येत नव्हती.

पुढच्या स्थानकावर, स्पेल्लो येथे, आम्ही उतरलो. परतीच्या गाडीची वाट पाहताना गेलेला तो काळ आम्ही कधी विसरणार नाही. पाऊण तासाने फोलिन्योला पोहोचलो, तेव्हा आजी त्याच बाकावर रोझरी हातात धरून बसल्या होत्या. कोण्या विद्यार्थिनीने त्यांना पाण्याची बाटली आणून दिली होती. आम्ही क्षमा मागू लागताच त्या म्हणाल्या, ‘फादर, मी कुठे हरवले? मी तर जागच्या जागी होते. तुम्हीच निघून गेलात.’

तेव्हापासून आम्ही प्रत्येक गटाला तीन गोष्टी सांगतो. पहिली, वयोवृद्धांनी आधी चढावे. सामान आणि धडधाकट माणसे शेवटी. दुसरी, कोणी मागे राहिलेच, तर त्याने जागा सोडू नये. बाकीच्यांनी परत यावे. तिसरी, प्रत्येकाजवळ मुक्कामाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. गाडी बदलण्यासाठी मधे निदान अर्धा तास राहील, अशीच तिकिटे काढावीत. दहा मिनिटे वाचविण्यासाठी आजीआजोबांना पळायला लावू नये.

स्थानकाहून तीर्थापर्यंत

आता असिसीविषयी. रोमहून थेट गाडीने साधारण दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. असिसीचे स्थानक डोंगरावरील नगरात नाही. ते खाली मैदानात, सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे. अनेक जण उतरल्याबरोबर वर जाणारी बस पकडतात. आमची सूचना अशी की, आधी त्या वस्तीतील महामंदिरात चालत जावे. त्याच्या आत पोर्त्सिउंकोला हे चिमुकले देऊळ जसेच्या तसे जतन केलेले आहे. संत फ्रान्सिसच्या बंधुसमाजाची जडणघडण येथे झाली, आणि ३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांनी याच परिसरात देह ठेवला. २०२६ हे त्या घटनेचे ८०० वे वर्ष. येथे प्रार्थना करून मग वर जावे. वरच्या नगरात संत फ्रान्सिस व संत क्लारा यांच्या कबरी आहेत, तसेच ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी विराजमान झालेला तरुण कार्लो अकुतिस यांचीही आहे. एक रात्र तेथे राहिल्यास दिवसाच्या बस निघून गेल्यावरची शांतता अनुभवता येते.

अन्य स्थानांची माहिती थोडक्यात देतो. रोमच्या उत्तरेस ऑर्व्हिएतो आहे. बोल्सेना येथील चमत्काराचे पवित्र वस्त्र तेथील कॅथेड्रलमध्ये आहे, आणि १२६४ साली पोप अर्बन चौथे यांनी ख्रिस्तशरीराचा सण अखिल ख्रिस्तसभेला लागू केला तो तेथूनच. स्थानक डोंगराच्या पायथ्याशी आहे. समोरूनच तारेच्या दोराने ओढली जाणारी छोटी गाडी वर नेते. संत अंतोनीचे पाद्वा हे व्हेनिसहून अर्ध्या तासाच्या अंतरावर असून स्थानकापासून ट्रामने महामंदिराजवळ उतरता येते. व्हेनिसचे स्थानक ‘सांता लुचिया’ या नावाने ओळखले जाते. कारण ते ज्या जागी आहे तेथे संत लुसियाचे चर्च होते. १८६१ साली ते पाडण्यात आले. संतेचे अवशेष जवळच्याच सान जेरेमिया चर्चमध्ये आहेत. तेथे अवश्य जावे. मात्र सर्वच तीर्थांना रेल्वे नाही. संत पाद्रे पिओंच्या सान जोव्हानी रोतोंदोसाठी फोज्जापर्यंत, तर संत रिटाच्या काशासाठी स्पोलेतोपर्यंत आगगाडीने जाऊन पुढे बस घ्यावी लागते.

तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया परमुलखात जायला निघतो, तेव्हा त्याचे वडील प्रथम वाट जाणणारा सोबती शोधायला सांगतात. त्यानंतरच राफाएल दूत त्याला भेटतो. प्रभूवर विश्वास ठेवणे आणि वाटेची चौकशी करणे या दोन्ही गोष्टी त्या पित्याने केल्या. आपणही त्या कराव्यात. आमच्या धर्मग्रामातील जे कोणी यंदा निघत असतील, त्यांनी तिकिटावर ठसा उमटवावा, आजीआजोबांचा हात धरावा आणि संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी पाच मिनिटे नव्हे, मन भरेपर्यंत बसावे. तेथे आमचीही आठवण ठेवावी.