परमुलखातला नट

ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या पट्ट्यात परदेशी नोकरी करणारा मुलगा किंवा भाचा ज्या घरात नाही, असे घर आता शोधावेच लागेल. इंजिनिअर परदेशी गेला म्हणजे त्याची विद्या त्याच्याबरोबर जाते, कारण गणित इथून तिथून सारखेच. पण नटाचे तसे नाही. त्याचे भांडवल म्हणजे त्याची भाषा, तिचे हेल, आणि त्याच्या बोलण्यातली खोच चटकन ओळखणारा प्रेक्षक. हे सारे मागे ठेवून परमुलखात गेल्यावर त्याच्या हाती उरते काय?

एक उदाहरण घ्या. २०१८ साली ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ हा मल्याळी चित्रपट आला. त्यात सॅम्युएल रॉबिन्सन या नायजेरियन तरुण नटाने केरळात खेळायला आलेल्या फुटबॉलपटूची भूमिका केली. खेळाडू नायजेरियाचा, पण लोक त्याला म्हणतात ‘सुडानी’. तिकडे आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंना सरसकट हेच नाव पडले आहे. चित्रपट गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्यानंतर मानधनावरून या नटाने जाहीर तक्रार केली आणि पुढे तो वाद मिटला. परक्या नटापुढचे दोन्ही प्रश्न यात दिसतात. एक, आपल्याला आपल्या नावाने कोण ओळखणार? आणि दुसरा, आपल्या कामाचे मोल कोण ठरवणार?

आता आपल्या मराठी नटाकडे वळू. डॉ. मोहन आगाशे यांचा जन्म १९४७ चा, भोरचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात ते शिकले, मनोविकारतज्ज्ञ झाले आणि तिथेच प्राध्यापकही झाले. पोटापाण्याचा व्यवसाय एक आणि नाटक दुसरे, ही पुण्याच्या हौशी मंडळींची जुनीच रीत. १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचे, आणि नाना फडणवीस झाले आगाशे. नाटकावर वादळ उठले. मूळ संस्थेने प्रयोग थांबवले, तेव्हा कलावंतांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ काढून ते पुन्हा उभे केले.

१९८० साली हे नाटक युरोपात जायला निघाले, तेव्हा विरोधाला नवी धार आली. विरोधकांचे म्हणणे असे, की घरातले भांडण घरात ठीक, पण परक्यांसमोर आपल्याच इतिहासपुरुषाची ही शोभा कशाला? हा प्रश्न अगदीच टाकाऊ होता असे नाही. परदेशात एक माणूस उभा राहिला की लोक त्याच्यावरून सगळ्या मुलखाची पारख करतात, ही भीती खरी असते. पण दुसरी बाजूही पाहा. परक्याला दाखवायचे म्हणून आपले तेवढे गोड गोड निवडले, तर तो आपल्याला ओळखणार कसा? अखेर नाटक गेले, आणि मराठीतूनच झाले. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या प्रेक्षकासमोर बारा ब्राह्मणांची ती झुलती मानवी भिंत उभी राहिली. कीर्तन आणि लावणी यांच्या तालावर सत्तेची गोष्ट सांगितली गेली. म्हणजे भाषा अडली, तरी ताल आणि देह अडले नाहीत.

पडद्यावरची गोष्ट थोडी निराळी. रंगभूमीवर आपण आपला सगळा संसार घेऊन जातो; परक्या चित्रपटात मात्र दुसऱ्याच्या घरी पाहुणे असतो. १९९१ च्या ‘मिसिसिपी मसाला’ या मीरा नायर यांच्या चित्रपटात आगाशे होते. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. त्यांतलेच एक कुटुंब अमेरिकेच्या दक्षिण भागात जाऊन पोहोचते, तिथली ही कथा. नायक डेन्झेल वॉशिंग्टन. आगाशे यांच्या वाट्याला कांती नॅपकिन नावाच्या माणसाची छोटी, विनोदी भूमिका आली. योगायोग बघा, ज्या वर्षी ते लोक देशोधडीला लागले, त्याच वर्षी हा नट पुण्यात नाना म्हणून उभा राहिला होता. नाना साकारलेल्या नटाने एवढीशी भूमिका का घ्यावी, असे कुणी म्हणेल. पण परमुलखात भूमिका लहान मिळते तेव्हाच नटाची कसोटी लागते. नुसते ‘हिंदी माणसा’चे सोंग उभे करायचे, की त्या एका माणसाला त्याचे नाव आणि त्याची लकब द्यायची, एवढी निवड त्याच्या हातात राहते.

शिवाय ही देवघेव एकतर्फी राहिली नाही. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीचा बालनाट्याचा प्रकार आगाशे यांनी मॅक्स म्युलर भवनाच्या साहाय्याने मराठीत आणला. यात पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. मुलांच्या घरातले, शाळेतले खरे प्रश्न असतात आणि मुलांची कामे मोठी माणसे करतात. ‘छान छोटे वाईट मोठे’ या नाटकाने त्याची सुरुवात झाली. जर्मनीने २००२ मध्ये आपला राष्ट्रीय सन्मान आणि २००४ मध्ये गोएथे पदक देऊन या कामाची दखल घेतली. म्हणजे नट परदेशातून परतला तो पैसा किंवा कीर्तीच घेऊन नव्हे, तर इथल्या पोरांसाठी नाटकाची एक नवी तऱ्हा घेऊन.

पुढे ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवत चाललेला संस्कृत पंडित त्यांनी उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यासह त्यांनी निर्मिलेल्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१६ सालासाठी सुवर्णकमळ मिळाले. त्याचा विषय नैराश्य. इथे डॉक्टर आणि नट एकाच वाटेवर आले.

आपल्याकडची कॉलेजची मुले एकांकिका स्पर्धांसाठी रात्र रात्र तालमी करतात. त्यांतला एखादा उद्या परदेशी पडद्यावर दिसेलही. त्याने उच्चार जरूर घोटावेत, परकी भाषा शिकावी. पण आपली बोली, आपला ताल आणि आपली माणसे नीट निरखलेली असू द्यावीत. तिथे त्याच्याकडे मागितले जाईल ते तेच; बाकीचे तिथल्या नटांपाशी आधीच आहे.